आधी पाडस, मग आई

ओर्टविनला थंडी वाजत नव्हती. वाजणार कशी? मोज्यांना बॅटरी होती, हातमोज्यांत गरम होणाऱ्या पुड्या होत्या, बुडाखाली मेंढीचं कातडं होतं आणि खिशात रमची चपटी बाटली. बाहेर उणे सहा, मचाणाच्या फळ्यांवर वीतभर बर्फ, आणि हा गडी घामाघूम. शिकारीला आलाय की शेकायला, असं गेझिनेच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मचाणावर बोलायचं नसतं. हा नियम त्यानंच तिला मचाणावर बसून तीनदा सांगितला होता, तोही मोठ्यानं.

"वारा आपल्या तोंडावर आहे," तो म्हणाला. वारा पाठीवर होता. गेझिनेच्या मानेला तो बोचत होता. तिनं स्कार्फ वर ओढला.

हा ओर्टविन लामर्स म्हणजे जिल्ह्याच्या गावातला स्वयंपाकघरांची कपाटं विकणारा. चोपन्नाव्या वर्षी साहेबांना अचानक शिकारीची परीक्षा द्यायची हुक्की आली. दोन वर्षांपूर्वी पास झाला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. जेवताना बंदुका, झोपताना दागिने काढावेत तसे सावकाश काढलेले नवे कोरे बूट, आणि दिवाणखान्यात भिंतीवर शिंगं, तीही विकत आणलेली. शिंगांबद्दल कुणी विचारलं की तो नुसता हसायचा. म्हणजे खोटं बोलायचा नाही, पण समोरच्याची समजूत काय झालीय ते बघून खूश व्हायचा.

गेझिनेला शिकारीचं वावडं नव्हतं. ती खाटकाची लेक. बापाच्या दुकानात दहाव्या वर्षापासून हरणं सोलताना बघितलेली, बाराव्या वर्षी हातात सुरी घेतलेली. मारणाऱ्याचा तिला राग नव्हता. राग होता तो बेंगरूळपणाचा. बाप म्हणायचा, जनावराचा जीव घ्यायचा तर एका झटक्यात घ्यावा, नाहीतर हात धुऊन घरी बसावं.

सव्वीस वर्षांच्या संसारात घरातला ओर्टविन तिला पुरता पाठ झाला होता. चुकीच्या मापाचं कपाट गेलं की दोष सुताराचा. गाडी घासली की दोष खांबाचा. आईच्या अंत्यविधीला उशीर झाला तर दोष रस्त्याचा. पण गेलं वर्षभर तो तिच्या मागं लागला होता, "एकदा येऊन तर बघ गं. जंगलात मी वेगळाच असतो." बरं, म्हटलं, बघू. तिथं ना सुतार, ना खांब. तिथं तरी हा माणूस सरळ असेल, एवढी एकच आशा धरून ती आली होती. ती फोल निघाली तर पुढं काय करायचं, हेही तिनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. तसं कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

सकाळी हेलेनबाखच्या लाकूडगिरणीच्या आवारात सगळे गोळा झाले होते. चाळीस माणसं, सगळ्यांच्या अंगावर नारिंगी जाकिटं, जणू रस्तादुरुस्तीला निघालेत. म्हातारा वेंडेलिन, या रानाच्या शिकारीचा म्होरक्या, ओंडक्यावर चढून नियम सांगत होता.

"कान उघडे ठेवून ऐका रे! हाका साडेनवाला सुरू, बाराला बंद. तोवर मचाणावरून कुणी उतरायचं नाही. रानडुकरं चालतील, हरणं चालतील. पण आधी पाडस, मग आई! मादीच्या मागं पाडस असेल तर मादीला हात लावायचा नाही. आई गेली की कळप पाडसाला जवळ करत नाही, ते हिवाळ्यात उपाशी मरतं. आणि बार काढला की सांगायचं. लागला असेल तरी, चुकला असेल तरी. लपवालपवी करणारा माझ्या रानात पुन्हा दिसायचा नाही."

ओर्टविन मान डोलावत होता. त्याला तर हे सगळं तोंडपाठ. शिवाय वेंडेलिनच्या नजरेत भरायचंच होतं. हे रान चौघांनी मिळून भाडेपट्ट्यानं घेतलेलं. त्यातला एक गुडघ्यांपायी निवृत्त झाला होता आणि ती चौथी जागा कुणाला द्यायची ते आज ठरणार होतं. त्या जागेसाठी ओर्टविनच्या तोंडाला पाणी सुटलेलं नुसतं.

दहाला पाच कमी असताना खालच्या ओढ्याकडून हाकेवाल्यांचा आरडाओरडा आणि कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं. समोरच्या मोकळ्या पट्ट्यात, साठ-सत्तर पावलांवर, एक हरणी आली. थबकली. कान मागं वळवले. तिच्या मागं, अगदी शेपटीला चिकटून, पाडस.

"पाडस आहे," गेझिने कुजबुजली.

ओर्टविननं ऐकलं नाही. किंवा ऐकलं असेल. बंदूक खांद्याला, तोंड उघडं, आणि धाड.

हरणीनं पाठ वर काढली, कुबड आल्यासारखी. मागच्या पायांनी लाथ झाडली आणि अंग चोरून स्प्रूसच्या झाडांच्या दाटीत शिरली. पाडस क्षणभर तिथंच उभं राहिलं, मग तिच्या मागं पळालं.

"हुकली," ओर्टविन म्हणाला.

"लागली," गेझिने म्हणाली. "पोटात. पाठ कशी काढली बघितलं नाहीस?"

"छे छे. दचकली ती."

"ओर्टविन, मी खाटकाची लेक आहे."

"म्हणून काय? तू काय बंदुकीची परीक्षा दिलीयस?" त्याचा आवाज चढला. मचाणावर बोलायचं नसतं हे साहेब विसरले. "एक तर फांदी मधे आली. आणि तू नेमक्या वेळी बोललीस. हात हलला माझा."

घ्या. नाचता येईना, अंगण वाकडं. रानातही त्याला खांब सापडला, आणि तो खांब म्हणजे ती.

पुढचे दोन तास दोघं शेजारी शेजारी बसून होते. एका मोज्याची बॅटरी संपली म्हणून ओर्टविन कुरकुरला. मसाल्याची बिस्किटं कुरूम कुरूम खाल्ली. गेझिनेच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट. पोटात गोळी लागलेलं जनावर लगेच मरत नाही. कुठंतरी आडोशाला जाऊन बसतं, आणि तासन् तास बसून राहतं. लगेच मागं लागलं तर उठून मैलभर पळतं, म्हणून दोन-तीन तास थांबायचं, मग मागकाढी कुत्री घेऊन जायचं. थांबण्यात काही चूक नव्हती. पण साडेचारला अंधार पडतो. त्याच्या आत कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि सांगणारी माणसं जगात दोनच होती, ती दोन्ही या फळीवर बसलेली.

बाराला शिंग वाजलं. ओर्टविन शिडीवरून उतरला आणि हरणी उभी होती तिथं गेला. वाकला. जरा वेळ तसाच राहिला. गेझिनेच्या हातात त्याची दुर्बीण होती, ती तिनं डोळ्यांना लावली. ओर्टविननं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मग बुटानं बर्फ ओढून ओढून तिथं सारवायला लागला. मांजर घाण झाकतं तसा. सव्वीस वर्षं या माणसाच्या शेजारी झोपले मी, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

"काही नाही!" तो परत येऊन म्हणाला. "ना रक्त, ना केस. स्वच्छ बर्फ."

"मी बघत होते, ओर्टविन."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग जवळ येऊन, तिचा कोट ओढत, लाडीगोडीच्या आवाजात म्हणाला, "गेझी, हे बघ. आजच्या दिवस. पाडसवाली मादी मारली म्हटल्यावर वेंडेलिन मला दारात उभं करणार नाही. एक हरणी गं. रानात शेकड्यानं आहेत."

"ती एक अजून जिवंत असेल."

"कोल्हे आहेतच की. निसर्ग आपलं बघून घेतो."

शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. इथं तर खाणाराही नव्हता. तिनं ठरवलं, गिरणीवर पोचेपर्यंत याला मुदत द्यायची. याच्या तोंडून निघालं तर सगळं माफ.

गिरणीच्या आवारात शेकोटी पेटली होती, मोठ्या हंड्यात वाटाण्याचं सूप रटरटत होतं. वेंडेलिन कागद घेऊन एकेकाला विचारत होता. ओर्टविनची पाळी आली.

"एक बार. मादीवर. एकटीच होती. चुकला," ओर्टविन म्हणाला. चार वाक्यांत दोन खोटी, हिशेब चोख.

शेकोटीशी इर्महिल्ड ट्योले उभी होती. साठीची बाई, एरवी शाळेची बस चालवायची, आणि शिकारीच्या दिवशी जखमी जनावरांचा माग काढायची. पायाशी तिची तांबूस कुत्री, आस्टा. "मी एकदा जाऊन बघते," इर्महिल्ड म्हणाली. "चुकलाय म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचा लागलेला असतो."

"मी स्वतः बघून आलोय हो. उगाच कशाला तुमच्या कुत्रीला त्रास?" ओर्टविन म्हणाला. "तुम्हाला ती दोन डुकरं शोधायचीत ना?"

इर्महिल्डनं त्याच्याकडं बघितलं, मग गेझिनेकडं बघितलं. गेझिने सूप ढवळत होती. अजून थोडा वेळ, तिला वाटत होतं. अजून बोलेल. केवढा वेडेपणा! चुकणाऱ्या माणसाच्या कबुलीची वाट बघण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलेलं, तरी सवय काही सुटत नव्हती.

सूप झालं आणि न्यायालय भरलं. हा यांचा दरवर्षीचा पोरखेळ. वेंडेलिननं पाठीवर काळं एप्रन टाकलं, डोक्यावर भांडी पुसायचं फडकं घेतलं आणि ओंडक्यावर बसून ज्यानं ज्यानं काही वेडंवाकडं केलं त्याचा निवाडा करायला लागला. एकजण मचाणावर डुलकी काढताना सापडला होता. एकजण काडतुसं घरी विसरून आला होता. शिक्षा ठरलेली. मेलेल्या डुकरावर ओणवं व्हायचं आणि बुडावर शिकारी सुरीच्या चपट्या बाजूचे तीन फटके खायचे. टोणगे मोठाले, घरी सगळ्यांना नातवंडं, आणि इथं ओणवे होऊन खिदळतायत.

"ओर्टविन लामर्स! साठ पावलांवरून हरणी चुकली! रानातल्या झाडांना घाबरवल्याचा आरोप!"

ओर्टविन लाजत लाजत पुढं आला. काय तो आनंद चेहऱ्यावर! वर्षानुवर्षं वेंडेलिन परक्याला फटके मारत नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फटके म्हणजे आपला माणूस. तो डुकरावर ओणवा झाला.

"एक जंगलासाठी!" फटका. "एक मंडळींसाठी!" फटका. "एक तुझ्या डोळ्यांच्या डॉक्टरासाठी!" फटका. आवार हसून हसून लोळलं. ओर्टविन लालबुंद, डोळ्यांत पाणी, सुखाचं.

"आरोपीच्या बाजूनं कुणाला काही बोलायचंय?" वेंडेलिननं विचारलं. हेही खेळातलंच. "अहो वहिनी, तुम्ही होतात ना शेजारी? सांगा की, दया दाखवावी असं काही आहे का या गरिबात?"

गेझिनेनं सुपाची वाटी खाली ठेवली.

"तो चुकला नाही," ती म्हणाली.

"ओहो! बायको असावी तर अशी!" कुणीतरी ओरडलं.

"हरणीला लागलं. पोटात. तिच्यामागं पाडस होतं, मी त्याला सांगितलं होतं. त्यानं रक्तावर बर्फ ओढला, मी दुर्बिणीतून बघितलं. सव्वाशे पावलांवर दाट स्प्रूस आहे, त्यात गेली. आता एक वाजलाय. अंधार पडायला साडेतीन तास आहेत."

हसणं असं थांबलं की हंड्याची रटरट ऐकू यायला लागली. वेंडेलिननं डोक्यावरचं फडकं काढलं. ओर्टविन अजून डुकराजवळ अर्धवट वाकलेलाच होता, उभं राहावं की नाही ते न कळून.

आणि मग गंमत बघा. चाळीस माणसांतल्या एकानंही ओर्टविनकडं रागानं बघितलं नाही. सगळे बघत होते तिच्याकडं. "खेळात असलं बोलतात का?" एकजण पुटपुटला. "नवऱ्याला चारचौघांत..." दुसरा म्हणाला. हरणीचं कुणी नावही घेईना.

फक्त इर्महिल्डनं आस्टाच्या गळ्यात लांब दोरी अडकवली. "कुठलं मचाण?" तिनं विचारलं. "लामर्स, तुम्हालाही यावं लागेल. बार तुमचा आहे."

बर्फाखाली सगळं जसंच्या तसं होतं. केस, आणि पोटातल्या जखमेचे हिरवट तपकिरी डाग. आस्टानं नाक टेकवलं आणि दोरी ताणली. उताराखाली, ओढा ओलांडून, पडलेल्या झाडांच्या गुंत्यातून. इर्महिल्ड गुडघ्यांवर रांगत होती, गेझिने तिच्या मागं, आणि सगळ्यात शेवटी ओर्टविन, काटे लागले की नव्या जाकिटाचं नाव घेऊन कण्हणारा.

पाऊण तासानं कुत्री भुंकली. हरणी स्प्रूसच्या बुंध्याशी बसली होती. तिनं मान वर केली, उठायची धडपड केली, पण मागचे पाय उठेनात. दहा पावलांवर पाडस उभं. कुत्री भुंकतेय, माणसं आलीत, तरी ते जाईना.

"आधी पाडस," इर्महिल्ड हलक्या आवाजात ओर्टविनला म्हणाली. "मग ती. तुमचं आहे, तुम्ही करा. पटकन."

ओर्टविननं बंदूक उचलली, खाली केली. "बंदुकीच्या दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरलीय," तो म्हणाला.

इर्महिल्डनं त्याला कोपरानं बाजूला सारलं. दोन बार. मधे श्वास घेण्याइतकंच अंतर. गेझिनेनं तोंड फिरवलं नाही. तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता. चार तास. चार तास ते जनावर इथं बसून होतं, आणि हा माणूस तिकडं सूप पीत होता.

मग इर्महिल्डनं स्प्रूसची एक डहाळी मोडली, हरणीच्या जखमेला टेकवली आणि टोपीवर ठेवून पुढं धरली. हा मानाचा रिवाज. जनावर सापडलं की डहाळी पहिला बार काढणाऱ्याची. त्यानं ती घ्यायची, तिचा तुकडा मोडून कुत्रीसाठी परत द्यायचा आणि उरलेली आपल्या टोपीत खोचायची. एरवी हे मुकाट्यानं होतं. आज मात्र इर्महिल्डनं विचारलं.

"घेता?"

त्या एका शब्दात सगळं होतं. नको म्हण, गेझिने मनातल्या मनात म्हणत होती. माणसा, आयुष्यात एकदा तरी म्हण, की नको, माझा हक्क नाही. एवढं म्हणालास तरी मी तुझ्याबरोबर घरी येईन.

"आभारी आहे," ओर्टविन म्हणाला. डहाळी घेतली, टोपीत खोचली, बोटानं चाचपून सरळ केली. कुत्रीला तुकडा द्यायचा असतो हेही विसरला. आस्टा वर बघत उभी राहिली. मग त्यानं खिशातून फोन काढला.

"गेझी, एक फोटो काढ ना. या बाजूनं. जखम दिसायला नको."

तिनं फोन घेतला नाही. तिनं स्वतः एक डहाळी मोडली, इर्महिल्डच्या हातात दिली आणि इर्महिल्डनं ती कुत्रीच्या पट्ट्यात अडकवली. मग दोघी बायकांनी हरणीचे पाय धरले आणि ओढायला सुरुवात केली. पाडस ओर्टविननं ओढलं, तेवढं त्याला जमलं.

तीनला ते गिरणीवर पोचले. मेलेली जनावरं डहाळ्यांच्या बिछान्यावर ओळीनं मांडली होती. हरणी आणि पाडस पहिल्या जागेवर ठेवली, कारण हरणाचा मान डुकरापेक्षा मोठा. टोपीतली डहाळी बघून मंडळींच्या जिवात जीव आला. वेंडेलिन ओर्टविनकडं आला, श्नाप्स दारूचा पेला त्याच्या हातात कोंबला.

"सापडली ना? झालं तर मग. होतं असं. माझ्याही हातून झालंय तरुणपणी," तो म्हणाला. "पण गेलास ना तू मागं, चूक निस्तरलीस. याला छाती लागते. काय रे मंडळी?"

"लागते, लागते!" मंडळी म्हणाली.

छाती! गेझिने पाच पावलांवर उभी होती. तिच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत रक्तानं माखलेल्या. तिला कुणी पेला दिला नाही. कुणी बघितलंही नाही. शिंगं वाजली, टोप्या उतरल्या, आणि शेवटी वेंडेलिननं घसा खाकरून जाहीर केलं की चौथी जागा ओर्टविन लामर्सला.

ओर्टविन धावतच तिच्याकडं आला. चेहरा कसा, लग्नाच्या दिवशीही एवढा फुललेला नव्हता.

"बघितलंस? घेतलं मला! काही झालं नाही गं. उगाच घाबरलीस तू माझ्यासाठी."

"मी तुझ्यासाठी नव्हते घाबरले," गेझिने म्हणाली. "तुझा विचारसुद्धा माझ्या मनात नव्हता."

"बरं बरं, राहू दे. झालं गेलं. चल, गाडी काढतो. थंडी काय पडलीय!"

"तू जा. मी इर्महिल्डबरोबर जाते."

"इर्महिल्डबरोबर? का? आणि घरी कधी येणार?"

"सामान न्यायला येईन. मंगळवारी, तू दुकानात असशील तेव्हा."

तो तिच्याकडं बघत राहिला. टोपीतली डहाळी जरा कलली होती. आता तरी याला काही कळलं असेल, असं तिला निमिषभर वाटलं.

"मंगळवारी दुकान अर्धाच दिवस असतं," ओर्टविन म्हणाला.

"मग सकाळीच येईन," गेझिने म्हणाली आणि इर्महिल्डच्या गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसली.